कीचकवधानंतर ‘मानापमान’ : खाडिलकरांनी खरंच माघार घेतली होती का?

नेपथ्य

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे नाव निघालं की बहुतेकांच्या ओठांवर ‘मानापमान’मधली पदं येतात. नाटकांशी थोडी जास्त ओळख असलेले ‘कीचकवध’वरची बंदी सांगतात. या दोहोंच्या मधे एक ठरलेलं वाक्य असतं : सरकारने १९१० मध्ये कीचकवध बंद पाडला, म्हणून पुढच्याच वर्षी खाडिलकर संगीत नाटकाच्या बिनधोक वाटेला लागले. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. मधे त्यांची नाटकं लिहिल्याच्या क्रमाने वाचायला घेतली, आणि वाचता वाचता ते मला पटेनासं झालं. त्यासाठी हा धागा.

आधी माणूस. जन्म सांगलीचा, १८७२ चा. म्हणजे त्यांच्या जन्माआधी तीस-एक वर्षं विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात ‘सीतास्वयंवर’ हे पहिलं मानलं जाणारं मराठी नाटक केलं, त्या गावचा. पुण्यात शिक्षण झालं आणि विशीतच, १८९३ साली, ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ लिहून झालं. आगरकरांच्या ‘विकारविलसित’मुळे हॅम्लेट तोवर मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला होता. खाडिलकरांनी काय केलं, तर हॅम्लेटची घालमेल शनिवारवाड्यातल्या तरुण पेशव्यात आणली आणि ऑथेल्लोमधला इयागो केशवशास्त्री म्हणून त्याच्या कानाशी बसवला. तरुण धनी, थोर पण कठोर पालक आणि मधे विष कालवणारा माणूस. ही मांडणी वाचताना आजही श्वास रोखला जातो. ती कोण्या जुन्या-जाणत्याने केलेली नाही, एकवीस वर्षांच्या मुलाने केलीय.

मग १८९६-९७ च्या सुमारास ते टिळकांच्या ‘केसरी’त दाखल झाले, आणि इथून त्यांचं आयुष्य नुसत्या नाटककाराचं राहत नाही. प्लेग, रँडचा खून, टिळकांवरचा पहिला राजद्रोहाचा खटला, हे सगळं त्यांनी कचेरीत बसून पाहिलं. पुढे टिळकांच्याच सल्लामसलतीने ते नेपाळात जाऊन राहिले. वर दाखवायला कौलांचा कारखाना, आत शस्त्रं तयार करण्याची खटपट. बेत फसला. बंगालच्या फाळणीविरोधी चळवळीने देश पेटला तेव्हा ते परतले, पुन्हा ‘केसरी’त बसले आणि १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं.

ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. अज्ञातवासातली द्रौपदी सैरंध्री म्हणून विराटाच्या दरबारी राबते, राणीचा भाऊ कीचक तिच्यावर हात टाकतो, कंकभट म्हणजे धर्मराज थांब म्हणतो, बल्लव म्हणजे भीम थांबत नाही. नाटकात एकाही इंग्रजाचं नाव नाही. गरजच नव्हती. कीचक म्हणजे फाळणी करणारा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हा देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हा हिशेब पिटातल्या प्रेक्षकालाही न सांगता लागत होता.

आता माझा मुद्दा. १९११ साली हाच माणूस किर्लोस्कर मंडळीसाठी ‘मानापमान’ लिहितो. त्याची गोष्ट काय? भामिनी श्रीमंताची लेक, धैर्यधर गरीब सेनापती. बापाला हा जावई पसंत, मुलीला तो दरिद्री म्हणून नको. तिला लक्ष्मीधर बरा वाटतो, अंगावर दागिने ल्यालेला आणि संकट दिसलं की गर्भगळित होणारा. पुढे वनमाला हे नाव घेऊन, साध्या वेषात ती छावणीत जाते आणि पराक्रम कशाला म्हणतात ते डोळ्यांनी बघते. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात आहेत. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी सरकारदरबारी मान तुकवलेली आहे. ज्यांनी मान तुकवली नाही ते दरिद्री तरी झालेत, नाहीतर तुरुंगात तरी आहेत. अशा वेळी भरल्या नाटकगृहात श्रीमंतीपेक्षा शौर्याला वरमाला घालायला लावणं हे राजकारण नाही तर काय आहे?

सरकारने दार बंद केलं तेव्हा खाडिलकरांनी तेच सांगणं सुरांवर घालून दुसऱ्या दाराने आत आणलं, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

---

कृष्णाकाठ

सांगलीकर म्हणून आधी हात जोडतो. आमच्याकडे भावे, देवल, खाडिलकर ही नावं एका दमात घेतात. देवल तर हरिपूरचे, गावाबाहेर कृष्णा-वारणेचा संगम आहे तिथले. पण खरं सांगायचं तर आमच्या गावातही खाडिलकर आता फक्त गायनाच्या कार्यक्रमांत भेटतात. गद्य नाटकं कोणी वाचत नाही. ‘भाऊबंदकी’वर काही लिहा ना. माझ्या आजोबांना त्यातले रामशास्त्र्यांचे संवाद तोंडपाठ होते.

---

वकिलीबाणा

लेख आवडला. बंदीच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण तारखा शेजारी ठेवल्या की चित्र बदलतं.

कीचकवध आलं १९०७ साली. कर्झन १९०५ मध्येच भारत सोडून गेला होता. बंदी आली जानेवारी १९१० मध्ये. म्हणजे तीन वर्षं नाटक पुण्या-मुंबईत आणि दख्खनभर राजरोस चाललं. त्या काळात सरकारला ते दिसत नव्हतं असं नाही. मग १९१० मध्येच का?

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचं विजयानंद नाट्यगृह. कलेक्टर जॅक्सनची बदली झाली होती, त्याच्या निरोपासाठी खेळ लावला होता. अनंत कान्हेरेने नाट्यगृहातच त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्या रात्रीचा खेळ होता किर्लोस्कर मंडळीचा, नाटक देवलांचं ‘शारदा’. शारदाचा राजकारणाशी काडीचा संबंध नाही, ते बाला-जरठ विवाहावरचं नाटक. पण मराठी नाटकगृह आणि राजकीय खून ही जोडी त्या रात्रीनंतर सरकारच्या डोक्यात पक्की झाली. महिन्याभरात लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये कीचकवधावर मोठा मजकूर आला. कीचक कोण, द्रौपदी कोण, हे त्यात इंग्रज वाचकाला उलगडून सांगितलं होतं. विराट राजा म्हणजे विलायतेतलं दुबळं सरकार, असाही अर्थ लावला होता. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने हा मजकूर पुढे आपल्या पुस्तकात घेतला. हा तोच चिरोल, ज्याच्यावर टिळकांनी नंतर लंडनला खटला भरला. जानेवारी संपायच्या आत नाटकावर बंदी आली.

वापरलेला कायदा १८७६ चा. तो मुळात बंगाली रंगभूमीसाठी केलेला. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या वेळी कलकत्त्यात एका राजनिष्ठ वकिलाची खिल्ली उडवणारं प्रहसन झालं, त्यातून तो जन्मला. सरकारबद्दल अप्रीती निर्माण करील असं वाटलं की प्रांतिक सरकारने हुकूम काढायचा, प्रयोग बंद. आधी खटला नको, पुरावा नको. हा कायदा केंद्राने पुस्तकातून पुसला तो २०१८ उजाडल्यावर. आणि महाराष्ट्रात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, द्यावी लागते ते वेगळंच; १९७२ मधलं तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’चं प्रकरण आठवा.

तेव्हा नेपथ्य, तुमच्या म्हणण्याला माझा निम्मा पाठिंबा. बंदीचा कायदा कसा चालतो हे खाडिलकरांना चांगलं कळलं होतं, आणि पुढचं नाटक त्यांनी त्या कायद्याच्या चिमट्यात सापडणार नाही असं बेतलं. याला तुम्ही दुसरं दार म्हणता. मी सावधपणा म्हणेन. सावधपणात मला काही कमीपणा वाटत नाही.

---

षड्ज

गाण्याच्या बाजूने लिहिते, कारण धाग्यात ‘सुरांवर घातलं’ असं एका शब्दात आटोपलंय, आणि खरी गंमत तिथेच आहे.

मानापमानचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं. त्याआधीच्या संगीत नाटकांत साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, कर्नाटकी वळणाच्या चाली असत. टेंब्यांनी ठुमरी, दादरा, होरी, कजरी असा पूरब अंगाचा, म्हणजे बनारस-लखनौकडच्या ढंगाचा, ऐवज मराठी नाटकात ओतला. क्रम असा, की चाल आधी आणि शब्द नंतर. टेंबे पेटीवर चाल ऐकवणार, खाडिलकर तिच्या मात्रांच्या मापाने शब्द बसवणार. देवलांची पदं बोलल्यासारखी सोपी वाटतात आणि खाडिलकरांची अडखळायला लावतात, याचं मोठं कारण हे आहे. अन्वय लावायला बसलं तर कर्ता एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या. शिकताना माझ्या गुरुजींनी ही पदं आधी गद्यात लिहून अर्थ सांगायला लावला होता. पण तीच पदं गळ्यात बसली की लक्षात येतं, अक्षरं कुठे लांबवायची आणि कुठे तोडायची याचा अंदाज या माणसाला होता. आकारान्त जागा नेमक्या तिथे आहेत जिथे गायकाला तान घ्यायचीय.

‘स्वयंवर’ (१९१६) मध्ये पुन्हा वेगळं. तिथे भास्करबुवा बखले आले आणि ख्यालाच्या बंदिशींवरून पदं बांधली गेली. ‘नाथ हा माझा’ यमनात, ‘मम आत्मा गमला’ बिहागात. एरवी मैफलीच्या वाऱ्यालाही न गेलेल्या माणसांना राग ओळखता यायला लागले ते या नाटकामुळे. आज महाराष्ट्रात शास्त्रीय संगीताला जो श्रोता आहे, त्याचं बरंचसं श्रेय मी या नाटकांना देते.

आता मतभेद. नेपथ्य, शौर्याला वरमाला वगैरे तुम्ही छापील संहितेवरून म्हणताय. नाटकगृहात काय होत होतं? बालगंधर्व भामिनी. एकेका पदाला वन्समोअर, रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत. संवाद आखडते घेतले जायचे आणि पदं लांबायची. १२ मार्च १९११ ला मुंबईत पहिला प्रयोग झाला तेव्हा बालगंधर्वांची लहान मुलगी त्याच दिवशी गेली होती आणि तरी ते उभे राहिले, ही हकिगत सगळ्यांना माहीत आहे. धैर्यधराच्या गरिबीबद्दल मात्र कोणी कधी हकिगत सांगितलेली मी ऐकली नाही. नाटककाराला जे म्हणायचं होतं ते गाण्याखाली गेलं, असं माझं स्वच्छ मत आहे. गाणारी असूनही.

---

नेपथ्य

षड्ज, आखडत्या घेतलेल्या संवादांचं खरं आहे. नाटक कंपनीचं होतं आणि कंपनीचा संसार पदांवर चालायचा. तरी एक बघा. प्रेक्षकाने घरी नेली ती गाणी, पण त्या गाण्यांतही रण आहे, शूर आहे, शरण येणं आहे. शृंगाराच्या पदाला युद्धाची भाषा दुसऱ्या कोणत्या नाटककाराने त्या काळी इतकी वापरली? टेंब्यांनी ठुमरीची चाल दिली. ठुमरीत मूळचा असतो तो विरह आणि लाडिक तक्रार. तिच्यावर खाडिलकरांनी सेनापती बसवला.

कृष्णाकाठ, भाऊबंदकीबद्दल. ते १९०९ चं. विषय नारायणराव पेशव्यांचा १७७३ मधला खून. राघोबादादा, आनंदीबाई, आणि धन्याला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री. पण लिहिलंय कधी ते बघा. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली, मवाळ आणि जहाल वेगळे झाले. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ‘केसरी’ची सूत्रं खाडिलकरांकडे आली. घर फुटलंय, कर्ता माणूस मंडालेला आहे, आणि हा संपादक रात्री पेशवाई कशी आतून पोखरली गेली त्याचं नाटक लिहितोय. ज्यांना खाडिलकर वाचायला सुरुवात करायचीय त्यांना मी कीचकवधाच्या आधी हे हातात घ्यायला सांगेन. यात भीम नाही. शस्त्र नसलेला एक न्यायाधीश आहे, आणि तोच सगळ्यांत उंच दिसतो.

---

चौकटीबाहेर

सगळे गौरवाने लिहिताहेत म्हणून एक खडा टाकते.

कीचकवध ज्या वर्षी आलं त्याच १९०७ च्या सुमाराला खाडिलकरांनी ‘बायकांचे बंड’ही लिहिलं. प्रमिलेच्या स्त्रीराज्याची जुनी कथा. पुरुषांशी संबंध नको म्हणणाऱ्या बायकांचं राज्य, तिथे अर्जुन येतो आणि बंड शमतं. तो काळ कसला आहे? लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला होऊन वीस वर्षं झालीत. पंडिता रमाबाईंचं काम डोळ्यांसमोर आहे. कर्व्यांनी हिंगण्याला विधवांच्या शिक्षणाला हात घातलाय. शिकणाऱ्या बायकांची पहिली पिढी घराबाहेर पडतेय, आणि राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठी जीव टाकणारा हा नाटककार त्यांच्या स्वातंत्र्याला बंड ठरवून मोडून दाखवतो. हा टिळकपक्षातला जुना दोष आहे. आधी राजकीय, मग सामाजिक; आणि ते ‘मग’ कधी येत नाही.

कीचकवधातही बघा. सैरंध्री म्हणजे देश, हे रूपक इतकं गाजलं की सैरंध्री म्हणजे एक बाई, जिच्यावर राजवाड्यात हात टाकला गेला, हे कोणाला दिसलंच नाही. तिचा अपमान दोन पुरुषांच्या वादाचं निमित्त झाला : मारायचं की थांबायचं. तिला काय हवंय, हा प्रश्न देशाच्या नावाखाली झाकला गेला.

मानापमानातही भामिनी गर्विष्ठ म्हणून तिला धडा शिकवला जातो. बाप ठरवतो ते बरोबर, मुलगी नकार देते ते चूक. नेपथ्य, यावर तुमचं म्हणणं वाचायला आवडेल. नाट्याचार्य होते म्हणून सोडून देऊ नका.

---

कृष्णाकाठ

चौकटीबाहेर, प्रतिसाद टोचला आणि टोचायलाच हवा होता. पण ‘स्वयंवर’ विसरू नका. तिथे रुक्मिणी भावाच्या, सगळ्या दरबाराच्या विरोधात स्वतःचा वर स्वतः ठरवते. शिशुपाल नको हे ती ठामपणे सांगते आणि कृष्णाला पत्र पाठवते.

---

चौकटीबाहेर

रुक्मिणी पुराणातच तशी आहे. भागवतात ती पत्र लिहिते, खाडिलकरांनी तिला नवं काही दिलेलं नाही. प्रमिलेची कथा निवडायला मात्र त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती.

---

नेपथ्य

चौकटीबाहेर, ‘बायकांचे बंड’च्या बाबतीत बचाव करावा असं माझ्याकडे काही नाही आणि करायची इच्छाही नाही. ते नाटक त्यांच्या डोळ्यांवरची झापड दाखवतं. सैरंध्रीबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी कोणत्याही समीक्षेत वाचलेलं नव्हतं. कीचकवध पुन्हा उघडलं तर त्याच नजरेने वाचेन.

भामिनीबद्दल मात्र थोडं वेगळं वाटतं. वडिलांनी सांगितलं म्हणून ती शेवटी हो म्हणत नाही. ती स्वतः जाऊन बघते, आणि आपण श्रीमंत आहोत हे लपवून बघते. धैर्यधरालाही आपला मान दुखावलेला आहे, आणि त्यालाही उतरावं लागतं. नावातच मान आणि अपमान दोघांचाही आहे. बापाची निवड आणि मुलीची निवड शेवटी एकच निघते हा नाटकाचा सोयीस्करपणा आहे, हे कबूल.

आणि आता ‘द्रौपदी’कडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे असेल तर असेल. १९२० सालचं हे नाटक. पुन्हा तीच नायिका, पण आता अज्ञातवासातली दासी नाही. मयसभा, द्यूत, भर सभेत विचारलेला प्रश्न. कीचकवधात तिच्यासाठी भीम धावला. द्यूतसभेत एकही पुरुष उठत नाही, आणि तिला स्वतः बोलावं लागतं. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले आणि असहकाराची हाक आली. ज्यांनी नेपाळात शस्त्रांचा कारखाना काढायची खटपट केली ते खाडिलकर गांधींच्या बाजूला गेले. केसरीतली बरीच मंडळी गेली नाहीत. यातूनच त्यांची केसरीशी फारकत झाली. मग ‘लोकमान्य’ दैनिक, आणि १९२३ मध्ये स्वतःचं ‘नवाकाळ’.

कीचकवधाचा लेखक गांधींकडे गेला हा उलटा प्रवास नव्हता असं मला वाटतं. भीमावरचा भरवसा सरून द्रौपदीच्या प्रश्नावर भरवसा बसायला त्याला तेरा वर्षं लागली.

---

मांडवीतीर

गोव्याहून. धाग्यात दीनानाथांचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, बलवंत संगीत मंडळी, १९१८. बालगंधर्वांची भामिनी जशी ठरून गेली तसा दीनानाथांचा धैर्यधर. त्यांनी धैर्यधराच्या पदांच्या चाली आपल्या गळ्याला साजेशा बदलून घेतल्या. ‘शूरा मी वंदिले’, ‘रवि मी’ ही पदं आज आपण गातो ती त्यांच्या वळणाने. षड्ज म्हणतात की विचार गाण्याखाली दबला. दीनानाथांच्या ध्वनिमुद्रिका ऐका. ती तडफ, ती झेप, स्वर फेकण्याची ती पद्धत, यात लाडिकपणा शोधून सापडणार नाही. माझ्या वडिलांच्या पिढीला गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली हे गाणं कानावर पडायचं, आणि ते म्हणायचे की शब्द सगळे कळायचे नाहीत पण ताठ बसावंसं वाटायचं. मला वाटतं, खाडिलकरांना जे पोचवायचं होतं ते पोचण्याचा हाही एक मार्ग.

---

षड्ज

मांडवीतीर, हे मान्य. धैर्यधर दीनानाथांचा असेल तर माझा आक्षेप अर्धा गळतो. गायक कोण यावर नाटकाचा अर्थ बदलतो, हे मी स्वतः मुद्रिका लागोपाठ ऐकून अनुभवलंय.

आणि त्यावरून संयुक्त मानापमान आठवलं. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या चढाओढीतल्या, आणि दोन्ही मालक एकत्र उभे राहिले. पुढच्या तिकिटाला शंभर रुपये, त्या काळचे. कशासाठी? टिळक स्वराज्य फंडासाठी. नेपथ्य, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे आणि तुम्हीच तो मांडायला हवा होतात. पुढे तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय जेमतेम एकतीस.

---

वकिलीबाणा

फंडाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ज्या नाटकाला ‘सुरक्षित’ म्हटलं जातं, त्याच्याच तिकिटांचे पैसे दहा वर्षांनी असहकाराच्या चळवळीला गेले. सरकारला ते थांबवता आलं नाही, कारण संहितेत बोट ठेवायला जागा नव्हती. मी वर सावधपणा म्हटलं होतं. त्या सावधपणाचं फळ कोणाच्या पदरात पडलं तेही बघायला हवं.

आणखी एक. जो माणूस घाबरून संगीताकडे वळला असं सांगतात, त्याला १९२९ मध्ये ‘नवाकाळ’मधल्या लिखाणावरून राजद्रोहाच्या कलमाखाली एक वर्षाची शिक्षा झाली. वय तेव्हा छपन्न-सत्तावन्न. घाबरलेला माणूस उतारवयात असं लिहीत नाही.

---

एक वाचक

सगळे प्रतिसाद वाचले, खूप माहिती मिळाली. मी २०२५ मधला ‘संगीत मानापमान’ चित्रपट बघून या विषयाकडे आलो, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. वर्तमानपत्र चालवणारा माणूस इतकी नाटकं लिहायचा कधी? आणि नाटकात रमलेला माणूस पत्रकार म्हणून गंभीर होता का?

---

नेपथ्य

बाळबोध अजिबात नाही, उलट या धाग्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

पत्रकार म्हणून ते किती गंभीर होते त्याचा एक दाखला. १९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धाच्या काळात ‘चित्रमय जगत’ मासिकात ते दर महिन्याला युद्धाचा वृत्तान्त लिहीत होते. रणांगणाची रचना, सैन्याच्या हालचाली, राष्ट्रांचे डावपेच. त्याचे पुढे पाच खंड झाले. विलायतेहून उशिरा येणाऱ्या बातम्या आणि नकाशे जुळवून पुण्यात बसून हे काम. आणि ‘स्वयंवर’ याच काळातलं आहे. त्यातला कृष्ण प्रेमवीर आहे तसा मुत्सद्दीही आहे. जरासंधाच्या गोटातले राजे कोण कोणाला धरून आहेत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. महायुद्धातल्या तहांचे कागद अभ्यासणाऱ्या माणसाच्या हातून तो असा उतरला यात मला नवल वाटत नाही. टिळकांची होमरूल लीगही १९१६ चीच.

‘विद्याहरण’ (१९१३) घ्या. शुक्राचार्य, कच, देवयानी ही कथा, पण तिचा कणा आहे मद्य. संजीवनी विद्या जाणणारा आचार्य दारूपायी काय गमावून बसतो, ते. टिळकांनी अटकेआधी १९०८ मध्ये पुण्यात दारूबंदीची चळवळ चालवली होती, दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे केले होते, आणि दारूवरच्या करात सरकारचा फायदा होता. मद्यपानावरचं नाटक म्हटलं की आपल्याला गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ आठवतं. ते १९१९ चं. आधीची पायवाट विद्याहरणाने पाडली.

मला यातून दिसतं ते असं, की अग्रलेख आणि नाटक ही त्यांची दोन कामं नव्हती. जो विषय दिवसा अग्रलेखात मावला नाही, किंवा मावला तर तुरुंगात नेईल असं दिसलं, तो नाटकात गेला. म्हणून वेळ कसा मिळायचा हा प्रश्न त्यांना स्वतःला कदाचित पडला नसेल.

उत्तरकाळ थोडक्यात : ‘मेनका’ १९२६, ‘सावित्री’ १९३३. त्याच वर्षी नागपूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. पण तोवर बोलपट आले होते, कंपन्या कर्जात होत्या, आणि त्यांचं मन अध्यात्माकडे वळलं होतं. शेवटच्या नाटकांत पूर्वीची धग नाही, हे त्यांच्या चाहत्यांनीही मानायला हवं. स्वातंत्र्य बघून एक वर्षाने, २६ ऑगस्ट १९४८ ला, ते गेले.

---

चौकटीबाहेर

द्रौपदीवरचा तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तेरा वर्षांच्या अंतराने त्याच स्त्रीकडे परत येणं हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी ‘द्रौपदी’ वाचलेलं नाही. मयसभेच्या खर्चिक देखाव्याच्या गोष्टी तेवढ्या ऐकल्यात. कीचकवध आणि द्रौपदी लागोपाठ वाचून इथेच लिहीन. तिला सभेत खरोखर बोलायला दिलंय, की पुन्हा पदच गायला लावलंय, ते बघायचंय.

---

कृष्णाकाठ

चौकटीबाहेर, वाचून झालं की नक्की लिहा. मीही सोबत वाचायला घेतो. आमच्या गावच्या जुन्या ग्रंथालयात खाडिलकरांची नाटकं एका कपाटात असायची, उद्या चौकशी करतो. आणि नेपथ्य, भाऊबंदकीचं जाहीर अभिवाचन करावं असं इथल्या दोन-तीन मंडळींशी बोलणं झालंय. रामशास्त्र्यांसाठी आवाजाचा माणूस सापडलाय, आनंदीबाईंसाठी शोधतोय. सांगली-मिरज भागातलं कोणी हा धागा वाचत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.